उरलेली अर्धी प्रार्थना

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज टपालानं लोनप्पनच्या नावाची डायरी आली. सोसायटीच्या बँकेची. दर वर्षी नाताळात येते, या खेपेला फेब्रुवारी उजाडला. पोस्टमन नवा आहे. म्हणाला, "लोनप्पनचेट्टन आहेत का? त्यांची सही लागेल."

मी म्हटलं, "आहेत ना. चर्चच्या मागं, तिसऱ्या रांगेत. जा आणि घे सही."

बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग मलाच वाईट वाटलं. त्याला बसवलं, केळ्याचे वेफर दिले, सही मी केली.

लोनप्पन या डायरीत गॅसचा सिलिंडर कधी लावला तेवढंच लिहायचा. बाकी पानं कोरी. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, "ऐकलंत का" एवढ्यावर सगळं भागवलं. आता वहीत लिहायला कोण अडवतंय? लोनप्पन, लोनप्पन, लोनप्पन. घे.

लिहायला बसले त्याला कारण आहे. मला प्रार्थना येईनाशी झालीय. हे वाक्य लिहून मी दोनदा दाराकडं पाहिलं. आमच्या वाडीत पंचेचाळीस घरं, आणि कुणाचं काही अडलं की चेडत्ती, म्हणजे ताई, करत माझ्याकडं धावतात. एलीचेडत्ती, पोराच्या व्हिसासाठी एक जपमाळ म्हण. एलीचेडत्ती, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तेवढं बघ. तीस वर्षं वाडीच्या प्रार्थनेला मीच पुढं बसते. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. आणि ऑक्टोबरपासून आत काही म्हणजे काही नाही. फोन लावावा, रिंग वाजत राहावी आणि कुणी उचलू नये तसं चाललंय.

लोनप्पनला जाऊन चार महिने झाले. आंघोळ करून आला, टॉवेल दोरीवर टाकला, पायरीवर बसला आणि संपला. मी आतून ओरडत होते की चहा निवतोय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपास. काल वाडीतल्या प्रत्येक घरातून मांस परतल्याचा वास येत होता, आज सगळे कपाळाला राख लावून साळसूद. मीही लावली.

कम्युनियनची भाकर घ्यायला मात्र रांगेत उभी राहिले नाही. ऑक्टोबरपासून हेच चाललंय. कधी खोकल्याची उबळ, कधी पायाला मुंग्या, कधी गाण्याच्या वह्या गोळा करायचं निमित्त. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, केल्याशिवाय कम्युनियन घेता येत नाही, आणि कुमसारात जाऊन काय सांगू? अच्चन, तुम्ही ज्याच्या नावानं मला माफी देणार, तो आहे की नाही याचीच मला शंका आहे? अच्चन, म्हणजे आमचे धर्मगुरू, पोरगेलेसे आहेत, आमच्या चर्चमध्ये येऊन वर्षही झालं नाही. खुर्चीतून पडायचे.

संध्याकाळची माळ सोडलेली नाही. सोडली तर लगेच शेजारी चौकशीला येतील. पुढं बसणाऱ्यानं प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. या घरात पहिला अर्धा माझा आणि दुसरा लोनप्पनचा. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, माळ म्हणतानाही पुढच्या स्टॉपवर पोचायची घाई. मी डोळे वटारायचे. आता मी माझा अर्धा म्हणते आणि सवयीनं थांबते. त्याचा अर्धा संपेल एवढा वेळ गप्प बसते. मग पुढची.

त्या थांबण्याच्या वेळात शेजारच्या पोरिंजूचेट्टनचं खाकरणं आणि पुटपुटणं ऐकू येतं. त्यांचा गोठा आमच्या भिंतीला लागून आहे. म्हातारा हल्ली बायकोपेक्षा गायीशीच जास्त बोलतो. मला तेवढंही सहन होईना. आज खिडकी लावून घेतली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

वेरोनी, म्हणजे पोरिंजूचेट्टनची बायको, सकाळी पदर खोचून आली. सत्तावीस वर्षं शेजारी राहतेय, पण तिला दार वाजवायची पद्धत माहीत नाही.

"चेडत्ती, गाय अडलीय. डॉक्टरनं हात टेकले. तू एक माळ म्हण."

"डॉक्टरनं हात टेकले तर मी काय करू? मी काय गायींची सुईण आहे?"

"चेडत्ती!"

म्हटली. भांडी घासता घासता म्हटली, खरं सांगते. मनात चाललं होतं की हे पातेलं टाकायला झालं. अर्ध्या तासात वेरोनी उड्या मारत आली. कालवड झाली, गाय उभी राहिली, दूधही सुटलं. "तुझ्या तोंडात देव आहे," म्हणाली आणि संध्याकाळी खरवस देऊन गेली.

मी खरवस पुढ्यात घेऊन बसले आणि इतका संताप आला! लोनप्पन पायरीवर कलंडला तेव्हा मी काय कमी हाका मारल्या होत्या? त्या सगळ्या आतड्यापासून होत्या. त्या फुकट. आणि पातेलं घासताना केलेली प्रार्थना गायीला पावली. खरवस मात्र चांगला होता, दोन तुकडे खाल्ले.

२ मार्च, शनिवार

विहिरीच्या कठड्यावर बसून लोनप्पनची आठवण काढली. त्याला काहीच दिसायचं नाही. नवी साडी नेसले तर तिसऱ्या दिवशी विचारणार, ही कधी घेतली? विहिरीची ही पायरी हलत होती, दोनदा माझा तोल गेला होता. मी बोलले नाही, उगाच कशाला त्याला चढायला लावा म्हणून. एक दिवस बघते तर पायरीला सिमेंट. मी म्हटलं, चला, आपोआप बुद्धी झाली. मला साखर निघाली तेव्हाही तसंच. मी त्याला रिपोर्ट दाखवलाच नव्हता, आणि त्याच आठवड्यापासून हा हलवा आणायचा विसरायला लागला. विसराळूपणा असा कामाला आला.

आज ते लिहितेच. कुणालाही सांगितलेलं नाही, जिन्सीलासुद्धा नाही. जिन्सी म्हणजे माझी लेक, आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिला सांगितलं तर ती मला गोळ्या सुरू करायला लावेल.

गेल्या वर्षी पेसहाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, गुरुवारी मी नेहमीसारखं अप्पम वाफवलं. तांदळाचं, न फुगवलेलं, वर झावळीच्या कोवळ्या पानाचा क्रूस. झाकण उचललं तर क्रूसाच्या मधोमध भेग. बोट जाईल एवढी. पेसहाच्या अप्पमला भेग पडली की वर्षाच्या आत त्या घरावर काहीतरी येतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या सासूनं एकदा अशी भेग पाहून जेवण टाकलं होतं. मी काय केलं? झावळीचं पान सरकवून भेगेवर आडवं ठेवलं आणि भेगेचं टोक माझ्या बाजूला येईल असं ताट फिरवलं. निर्लज्जासारखी प्रार्थनेला बसले.

घरातल्या कर्त्यानं प्रार्थना म्हणायची, पान उचलायचं आणि अप्पम कापायचं. लोनप्पननं पान उचललं तेव्हा माझा जीव गोळा झाला. पण याला काय दिसतंय! सुरी घेतली आणि नेमकी त्या भेगेवरूनच ओढली. दोन सारखे तुकडे. भेग कुठं गेली ते मलाही कळलं नाही. मी मनात म्हटलं, सुटले. एक तुकडा गुळाच्या दुधात बुडवून त्यानं मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि म्हणाला, "यंदा छान झालंय." सहा महिन्यांनी गेला.

आता देव आहे म्हणावं तर त्यानं एका भेगेपायी माझा माणूस नेला, आणि मी लपवली म्हणून माझ्यावर दात धरला. असला देव मला नको. देव नाही म्हणावं, तर मग लोनप्पन कुठं आहे? तिसऱ्या रांगेत फक्त माती आहे का? या दोन्हींच्या मध्ये मी चार महिने लोंबकळतेय आणि वाडीला माळा वाटतेय.

८ मार्च, शुक्रवार

आज माझ्या जिभेनं घात केला.

वेरोनी शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. मी लोनप्पनचे शर्ट घडी घालत बसले होते. देऊन टाकायचे म्हणून काढते आणि घडी घालून परत ठेवते. तिनं पाहिलं, शेजारी बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "देवाची इच्छा, चेडत्ती. आपण काय करणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुझा पोरिंजू अजून गोठ्यात खाकरतोय म्हणून तुला देवाची इच्छा गोड लागते. त्याला उचलून नेऊ दे, मग ये मला सांगायला."

ती उठली. शेंगा चटईवर तशाच ठेवल्या. दारात थांबून एवढंच म्हणाली, "असं नको होतं बोलायला."

मी म्हटलं, "तर मग येत जाऊ नकोस. तुझ्या घरचं काही नको मला."

९ मार्च, शनिवार

शेंगा सुकल्या. फेकवल्याही नाहीत.

१७ मार्च, रविवार

चर्चमधल्या मिस्सेनंतर, प्रार्थना सुटल्यावर, अच्चननी थांबवलं. ज्या घरात वर्षभरात मयत झाली असेल तिथं पेसहाचं अप्पम करत नाहीत, शेजारपाजारचे नेऊन देतात. कुणी कुठं न्यायचं हे वीस वर्षं मीच ठरवत आलेय. नाही तर एका घरी दहा ताटं जातात आणि दुसरं घर उपाशी.

अच्चन कागद घेऊन बसले. "चेडत्ती, यंदा तीन घरं आहेत ना?"

"दोन," मी म्हटलं. "पुलाजवळचे वरीद, त्यांच्याकडं चाक्कूच्या घरचं जाईल. आणि गिरणीवाल्यांची म्हातारी, तिकडं मास्तरांच्या घरचं."

"आणि तुमचं घर?"

आता मी स्वतःच्या तोंडानं सांगू का, की माझ्या घरी अमक्यानं आणा? चाळीस वर्षं या हातांनी दुसऱ्यांच्या दारात ताटं नेली. आणि ज्या घरून ते यायला हवं त्या घराला मी येऊ नको म्हणून सांगितलंय. म्हटलं, "माझं ठरलंय, अच्चन."

"छान," म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

झावळीचं पान घेऊन आले आणि लोनप्पनच्या फोटोमागं खोचलं. दुसरं काय करणार? यंदा क्रूस करायला अप्पमच नाही.

वेरोनी चर्चमध्ये दोन बाक पुढं होती. मागं वळून पाहिलं नाही. तिच्या केसांत भाताचं फोलपट अडकलं होतं, मला हात लावून काढावंसं वाटत होतं सगळा वेळ.

मी आता एक ठरवलंय. मी देवाला मुदत दिलीय. गुरुवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत कुणाच्याही हातून माझ्या दारात अप्पम आलं, तर तो आहे. मग मी कुमसारला जाईन, सगळं ओकून टाकीन, कम्युनियन घेईन. नाही आलं, तर ईस्टरला मी चर्चला जाणार नाही आणि वाडीला सांगून टाकीन की प्रार्थनेला दुसरी बाई बघा. माझं ठरलंय असं मीच अच्चनना सांगितलंय आणि त्यांनी वाडीला, त्यामुळं माणसाच्या भरवशावर काही येणार नाही. पाठवलं तर त्यालाच पाठवावं लागेल. असेल तर पाठवील.

असं लिहिताना भीती वाटली. पण लिहिलं.

२८ मार्च, पेसहाचा गुरुवार, संध्याकाळ

साडेपाच. घर झाडून घेतलं. पांढरा मुंडू नेसले. ताट घासून टेबलावर ठेवलं, दोन वाट्या ठेवल्या, मग एक उचलून ठेवली. वाडीभर वाफेचा आणि गुळाचा वास सुटलाय. रस्त्यावरून पावलं वाजतात, चाक्कूची सून ताट झाकून पुलाकडं गेली. माझ्या फाटकाशी आली तेव्हा मी खुर्चीवरून अर्धी उठले होते. ती हसून मान हलवून पुढं गेली.

त्याच संध्याकाळी, आठ वाजता

कुणी आलं नाही.

साडेसातनंतर पंधरा मिनिटं जास्त दिली. आमच्या सोसायटीची बँकही एवढी सवलत देते. दोनदा फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटली, वारा असेल. उठून पाहिलं नाही. कुत्र्यासारखं किती वेळा दाराकडं धावायचं?

कांजी गरम करून प्यायले. आता मला मोकळं वाटायला हवं होतं. ठरलं ना एकदाचं. पण मी ताटाकडं बघत इतकी रडले, जेवढी तो गेला तेव्हाही रडले नव्हते. ज्याला नाही म्हणून मोडीत काढलं, त्याच्यावरच रुसून बसलेय. काय म्हणावं मला?

२९ मार्च, दुःखाचा शुक्रवार

जाणार नव्हते. पण टेकडी चढत चौदा थांबे घ्यायच्या क्रूसाच्या वाटेत सातव्या थांब्यावरचं गाणं मी उचलते, आणि सांगितल्याशिवाय दांडी मारणं मला जमत नाही. म्हटलं, ईस्टरपर्यंतचं काम उरकू आणि मग राजीनामा.

टेकडीच्या चढावर मास्तरांची बायको कुजबुजली, "चेडत्ती, किती ताटं आली? आठ-दहा तरी असतील, तुझी माणसं किती!"

मी म्हटलं, "एकही नाही."

"चल, थट्टा करतेस!"

"दुःखाच्या शुक्रवारी थट्टा करायला मी काय वेडी आहे?"

ती जागीच थांबली. "अगं, मला वाटलं चाक्कूच्या घरून आलं असेल." चाक्कूची सून म्हणाली, "आम्हाला कसं कळणार? अच्चननीच सांगितलं, चेडत्तीचं ठरलंय." मागून गिरणीवाली ओरडली, "मग ठरलं कुणाशी होतं?" बघता बघता पंधरा बायका रस्त्यात उभ्या राहून एकमेकींना झाडायला लागल्या. तू का नाही नेलंस, तुझं घर जवळ आहे. माझं जवळ आहे तर तुझं नातं जवळचं आहे. पुढं क्रूस घेतलेला माणूस खांदा बदलत खोळंबला. अच्चन मागं वळले आणि माइकमध्येच म्हणाले, "बायांनो, पाचवा थांबा आहे."

मला हसू यायला लागलं. तोंडावर पदर धरला, सगळ्यांना वाटलं मी रडतेय, त्यामुळं आणखीनच गोंधळ. सातव्या थांब्यावर गाणं उचललं, आवाज मध्येच फुटला. शेवटी चर्चच्या दारात कारल्याचा कडू रस देतात, तो मी दोन भांडी प्यायले.

दुपारपर्यंत माझ्या टेबलावर नऊ अप्पम. कालची, थंड, कडा वाळलेली. चाक्कूच्या सुनेनं तर पाया पडून दिलं. सगळ्यांना म्हटलं, अगं, चुकी माझीच आहे. पण खरं सांगू? मनाला काही शिवलं नाही. मुदत काल साडेसातची होती. बायकांनी लाजेखातर आणलं, त्यात देवाचा काय संबंध?

नऊ ताटं मोजली, परत मोजली. वेरोनीचं नाही.

३० मार्च, शनिवार

सकाळी उठले आणि चप्पल घालून सरळ वेरोनीच्या मागच्या दारी गेले. काय बोलायचं ते ठरवलंही नव्हतं. देवाशी जे व्हायचं ते होवो, पण सत्तावीस वर्षांच्या शेजारणीला तसं बोलून मी मेले तर?

ती चुलीपुढं बसून नारळ खवत होती. मान वर केली नाही. मी म्हटलं, "वेरोनी, माझी जीभ झडो."

"झडली तर वाडीची प्रार्थना कोण म्हणणार?" ती म्हणाली, आणि नारळ बाजूला ठेवून रडायला लागली. मग आम्ही दोघी.

डोळे पुसून ती उठली आणि फडताळातून ताट काढलं. केळीच्या पानानं झाकलेलं अप्पम, पूर्ण, सुरी न लावलेलं. "गुरुवारी दोनदा तुझ्या फाटकाशी आले. कडीही उघडली. मग आठवलं, तुझ्या घरचं काही नको मला. परत फिरले. फेकायचाही धीर होईना."

"ती कडी तू वाजवलीस?"

"मग कोण, स्वर्गाचं दार राखणारा पेत्रुस?"

मी मटकन बसले. काय झालं ग, म्हणून ती घाबरली. आणि मग मी तिला सगळं सांगितलं. मुदतीचं सांगितलं. प्रार्थना येत नाही ते सांगितलं. आणि भेगेचं सांगितलं, पान सरकवलं ते, ताट फिरवलं ते, लोनप्पनला दिसलं नाही ते. "मी लपवली, वेरोनी. त्याला सांगितलं असतं तर त्यानं जपलं असतं, डॉक्टरकडं गेला असता. मी त्याला आंधळ्यासारखं खाऊ घातलं."

वेरोनी म्हणाली, "त्याला दिसलं नाही? चेडत्ती, त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. क्रूसाच्या वाटेवर, टेकडी उतरताना."

"काय सांगितलं?"

"हसत होता. म्हणाला, यंदा एलीच्या अप्पमला भेग पडली आणि तिनं ती झावळीखाली लपवली, चोरासारखी बसली होती बिचारी. मी सुरी भेगेवरूनच ओढली. तसंही कापायचंच होतं ना दोघांत? आता भेग राहिली कुठं? वाटणी झाली. आणि मला शपथ घातली, तिला कळू देऊ नकोस मला दिसलं म्हणून. झोपणार नाही ती वर्षभर." वेरोनीनं नाक पुसलं. "मला काय माहीत तू अशीही झोपत नाहीस ते. माहीत असतं तर शपथ गेली खड्ड्यात."

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

घरी येऊन लिहितेय. म्हणजे पायरी हलत होती ते त्याला दिसलं होतं. साखरेचा रिपोर्टही त्यानं पाहिला असणार. बहुतेक साडीही पहिल्याच दिवशी दिसत असणार, मेल्याला मला चिडवायला आवडायचं. सगळं बघून गप्प बसणारा माणूस एकेचाळीस वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवला, आणि मला पत्ता नाही. मी छातीठोकपणे सांगत फिरले की याला काही दिसत नाही. मग आणखी एकाबद्दलही मी गेले पाच महिने तेच सांगतेय. तिथंही माझा अंदाज चुकला असेल का? मला माहीत नाही. पण चुकू शकतो, एवढं आज कळलं.

संध्याकाळी कुमसारला गेले. अच्चनना म्हटलं, माझं ठरलंय म्हणाले ते खोटं होतं. म्हटलं, देवाला मुदत दिली, शेजारणीला तोडून बोलले. शेवटी म्हटलं, प्रार्थना येत नाही.

जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, "रोज माळ म्हणता ना?"

"म्हणते. सवयीनं."

"बरं. म्हणत राहा," म्हणाले. लेकराला दुसरं काही सुचलं नसावं. पण मला तेवढं पुरलं.

३१ मार्च, ईस्टर

पहाटेच्या मिस्सेला गेले आणि कम्युनियन घेतलं. आकाशातून काही आवाज आला नाही. जिभेवर तो पातळ तुकडा विरघळला आणि मला सुरी ओढणारा लोनप्पनचा हात आठवला, बोटाला ग्रीसचा डाग होता. एवढंच झालं. मी रांगेतून परत येताना वेरोनीनं बाकावर सरकून जागा दिली, आणि मी तिच्या केसांवर आधी हात फिरवून घेतला. आज फोलपट नव्हतं.

दुपारी तिच्याकडंच जेवले. जिन्सीचा फोन आला, म्हणाली आवाज बरा वाटतोय, काय झालं? म्हटलं, काही नाही, मटण खाल्लं.

संध्याकाळी माळ घेऊन बसले. उकडत होतं म्हणून किती दिवसांनी खिडकी उघडली. माझा अर्धा म्हटला आणि थांबले. आणि पलीकडून उरलेला अर्धा आला. स्पष्ट, खाकरत, गोठ्यातून. पुढचा अर्धा म्हटला, परत आला. मी दहा-दहा मण्यांची पाचही दशकं म्हटली आणि एकाही ठिकाणी गॅप पडली नाही.

संपल्यावर खिडकीशी गेले. पोरिंजूचेट्टन गायीपुढं पेंड टाकत होते, हातात माळ.

म्हणाले, "आज बरं झालं, एली. खिडकी लावलेली असली की तू कुठवर आलीस ते कळत नाही. अंदाजानं म्हणावं लागतं."

"कधीपासून म्हणताय?"

"लोनप्पन गेल्यापासून. तू अर्धं म्हणून थांबतेस. उरलेलं कुणीतरी म्हणायला नको?"

"आम्ही बोलत नव्हतो तेव्हाही?"

"भांडण तुझं आणि वेरोनीचं. माझं काय?"

गजांना धरून उभी राहिले. मग म्हटलं, "उद्यापासून जरा हळू म्हणा. तुम्हाला कुठली बस पकडायची नाहीये."